मुक्या जिवाची साक्ष

“मीच हिचा नवरा. सरका, घरात जाऊ द्या,” म्हणत त्यानं भागम्माला ढकललं, तसे शेजारचे दुकानदार सिद्रामप्पा दारात आडवे झाले.

भागम्माचा नवरा बसवराज परागंदा होऊन सहा वर्षं झाली होती. पिंगळीहून बोरीला घरजावई म्हणून आला, तो दोन वर्षं शेतातल्या आखाड्यावर, रानातल्या खोपीतच राहिला. गावाला त्याचा चेहरा धड माहीत नव्हता. त्यात या माणसाचं तोंड देवीच्या वणांनी भरलेलं. सासरा वारल्याची खबर लागताच हा पूर्णेहून येऊन उगवला होता, घर, रान आणि बायको मागायला.

“आखाड्यावरची विहीर इचारा, बांध इचारा, समदं सांगतो.”

“ते तर गुराखीबी सांगंल,” अप्पा म्हणाले. “भागम्मा, नीट बघ. हाच का?”

“न्हाई, अप्पा. ह्याला मी वळखत न्हाई.”

“खोटारडी! उद्या जिंतूरहून जमादार आणतो. फरफटत नेतो का न्हाई बघ!”

अप्पा पेचात पडले. खरा नवरा असला तर नेणारच. पण नसला तर? लेकीसारखी बाई परक्याच्या हवाली करायची?

तेवढ्यात भागम्माची म्हातारी मांजर उंबऱ्यावर आली. कालच शिवकीर्तनात बुवा म्हणाले होते, मुक्या जिवाला खोटं बोलता येत नाही. अप्पांच्या दुकानात सदा मांजरं. शेपटीची भाषा त्यांना पाठ होती. घरचं माणूस दिसलं की शेपटी ताठ उभी, टोक जरासं वाकलेलं.

“ही बसवराजच्या वेळची का गं?”

“व्हय. त्याच्यादेखत वाढली.”

“मग हिलाच इचारू.”

“आता मांजर निवाडा करायलीय का?” गर्दीत कुणीतरी खिदळलं.

“तू खोटं बोलशील, मीबी बोलंन. ही न्हाई बोलायची. घे रे हिला जवळ.”

तो हात पुढं करून वाकला. मांजरीची पाठ कमानीसारखी वर आली. शेपटी बाजरीच्या कणसासारखी फुगली. फिस्कारून तिनं त्याचा हात ओरबाडला आणि कणगीमागं पळाली.

“परका हाय! हाकला!” अप्पा ओरडले.

लोकांनी त्याला दगड मारत शिवेपार पिटाळलं.

शिव शिव म्हणत अप्पा माघारी आले, आता भिऊ नको म्हणून सांगायला. आत कणगीआड भागम्मा मांजरीला छातीशी धरून बसली होती, तिच्या कानाशी पुटपुटत.

“सहा वर्षं झाली गं. तरी त्याच्या लाथा तूबी इसरली न्हाईस.”