मांडीमागची पट्टी

कड्याच्या लोखंडी शिडीवर निम्म्यात पोचल्यावर नर्स मंदाकिनी उगलेच्या उजव्या पायावरची यांत्रिक पट्टी बोलली, "मांडीमागचा स्नायू थकला आहे. गुडघा जपण्यासाठी पाय लॉक करत आहे." आणि पाय काठीसारखा ताठ झाला.

वर वाडीत एक बाळंतीण अडली होती. तिचा नवरा सोमा चार पायऱ्या वर थांबला. "सिस्टर, काय झालं?"

"पट्टीनं पाय धरलाय. ती सेंटरला फोन करून तिथूनच सोडवावी लागते." इथे तर रेंजच नव्हती.

चार वर्षांपूर्वी गुडघा दुखायला लागला तेव्हा तिला ही पट्टी मिळाली. चढताना पट्टीच पाय ओढायची, त्यामुळे दुखणं थांबलं. मांडीमागच्या स्नायूला मात्र कामच उरलं नाही. तो आखडला, वाळला.

"मी खांद्यावर घेतो तुम्हाला."

"या शिडीवर? गप वर बघ."

तिने डावा हात गजाला घट्ट वेढला आणि उजव्या हाताने बकलं सोडली. पट्टी दरीत गेली. पुढच्या पायरीवर पाय टाकताच मांडीत गोळा आला, गुडघ्यातून कळ उठली. ती डोळे मिटून थांबली, मग वर सरकली.

"अजून किती?"

"बावीस पायऱ्या, सिस्टर."

वर पोचल्यावर तिला उभं राहता येईना. ती रांगतच घरात शिरली. पाऊण तासाने मुलगी रडली.

"सिस्टर, आता खाली कशा जाल?" सोमाने घाबरत विचारलं.

मंदाकिनीने थरथरणारी मांडी दोन्ही हातांनी दाबली. "लगेच नाही जात. तुझ्या उंबऱ्यावर रोज चढ-उतार करून पाय चालवते. तो शिकला की उतरू."