गिअरमध्ये उभी गाडी

वर दार उघडल्याचा आवाज आला आणि गाडीखाली उताणी पडलेल्या तिच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला. त्या पिकअपचं दार असं करकरायचं, की चोरानेसुद्धा आधी तेलाची बाटली घेऊन यावं. दाराखाली बाबांच्या निळ्या सपाता दिसल्या. एक सपात वर गेली, मग दुसरी. गाडी त्या अंगाला जराशी कलली. बाबा ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते.

किल्ली स्विचलाच होती.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. तिची पाठीखालची सरकली.

चूक तिचीच होती. जुना स्टार्टर कधीचा कुरकुरत होता. किल्ली फिरवली की नुसता कण्हायचा. म्हणून ती गाडी रोज घरापुढच्या उतारावर लावायची, निघताना तशीच खाली सोडायची आणि पळत्या गाडीला गिअर टाकून इंजिन उठवायची. हँडब्रेक तर नावालाच उरला होता. तेव्हा गाडी उभी करायची ती गिअरमध्ये, आणि चाकापुढे एक दगड. माल पोचवायचं सगळं काम या एका गाडीवर, त्यामुळे आज सुट्टी काढून तिने नवा स्टार्टर स्वतःच बसवायला घेतला. बॅटरीची वायर आधी काढली. हे सगळं बाबांनीच शिकवलेलं. काम झालं, वायर परत जोडली, क्लच दाबून किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक्'. स्टार्टरवरचा एखादा नट ढिला राहिला असणार. एका नटासाठी पुन्हा वायर कोण काढत बसणार? किल्ली तरी काढावी, तेही केलं नाही. तशीच खाली शिरली.

ती शिरत असताना बाबांनी घराच्या पायरीवरून विचारलं होतं, "बाई, माझी लेक कुठं गेली हो?"

सकाळपासून हेच चाललं होतं. आधी तिने हसून सांगितलं, मीच तुमची लेक. मग हात हातात घेऊन सांगितलं. पण माणसाच्या सोशिकपणालाही तळ असतो.

"गाडीखाली गेलीय तुमची लेक!" ती खेकसली. "बसा आता गप्प."

आणि आता ते वर बसले होते. नट तिने नुकताच गच्च आवळला होता. किल्ली फिरली की नवा स्टार्टर पहिल्या झटक्यात उचलणार, गिअरमधली गाडी दगडावरून उडी मारणार. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दाराखालची लोखंडी पायरी, तिथून मांजरही निसटलं नसतं. बाहेर पडायची वाट एकच, पुढच्या चाकांमधून. गाडी झेप घेणार होती तीही तिथूनच. इंजिनाखालचं लोखंड तिला उतारभर फरफटत नेणार होतं.

ओरडायची सोय नव्हती. मागे एकदा बाबांनी अशीच गाडी काढली होती. ती "थांबा, थांबा" करत मागे धावली, तसे ते बावरले आणि त्यांनी गाडी आणखी दामटून थेट शेजाऱ्यांच्या फाटकात घातली. उतरून विचारलं काय, तर "पोचलो का?" तेव्हापासून किल्ली पिठाच्या डब्यात लपवलेली असे. शेजारी अजून त्या फाटकावरून चेष्टा करत. आज तिला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

"बाबा," ती हळूच म्हणाली. वर ते पोचलंच नाही.

चाकांत ब्रेक आवळल्याचा कचकच आवाज झाला. गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हर ठेवतो तसा बाबांनी पाय ठेवला होता. तिने मान वळवून क्लचच्या दांड्याकडे पाहिलं. तो तिच्या गालापासून वीतभरच लांब होता. वर क्लच दाबला की तो हलायचा. क्लच दाबलेला असेल तर गाडी नुसती सुरू होईल, उडी मारणार नाही. दाबा बाबा, ती मनात विनवत राहिली. जन्मभर गाडी चालवलीत, एवढं तरी विसरू नका.

दांडा हलला नाही.

वर किल्लीचा खुळखुळ आवाज आला. ती इतकी घाबरली, की तिने लहान पोरीसारखे डोळे गच्च मिटून घेतले आणि पाना छातीशी धरला. जणू पाना तिला वाचवणार होता.

काहीच झालं नाही.

मग ती सरपटली. पाठ सोलली, केस कशात तरी अडकून तुटले, तरी ती थांबली नाही. पुढून बाहेर आली, उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

बाबा स्टिअरिंगमागे ताठ बसले होते. उजवा पाय ब्रेकवर रोवलेला, आणि जोर लावून लावून तो थरथरत होता. किल्ली स्विचला नव्हती. ती त्यांच्या मुठीत होती.

"द्या ती किल्ली," तिने काळवंडलेला हात पुढे केला.

बाबांनी तिला परक्या नजरेने खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मूठ छातीशी घट्ट ओढून घेतली.

"नाही बाई. खाली माझी लेक आहे. ती बाहेर आल्याशिवाय ही किल्ली कुणालाही मिळायची नाही."