डेव्हिएशनचा रकाना

रजिस्टर चाळता चाळता तपासनीसबाईंचा हात थांबला. लसींच्या शीतकोठीतलं तापमान, रोज दोनदा लिहिलेलं. सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश. सहा वर्षं चारच. शेजारचा ‘डेव्हिएशन’चा रकाना पहिल्या पानापासून कोरा.

इतकं गुणी यंत्र बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरचा फ्रिजसुद्धा आठवड्यातून एकदा रुसत असे.

“काका, या रकान्यात काहीच कसं नाही?”

“काही घडलंच नाही, तर लिहू काय मॅडम?” स्टोअरकीपर हसले. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. सहीसाठी पेन त्यांनी टोपण काढूनच पुढे केलं होतं.

“शब्दाचा अर्थ माहीत आहे ना?”

“चूक.”

“चूक नव्हे. मूळ लॅटिन आहे. ‘डी’ म्हणजे सोडून, ‘व्हिया’ म्हणजे रस्ता. रस्ता सोडून बाजूला जाणं. वीज जाते, दार उघडं राहतं, पारा चढतो. चढला म्हणून कुणी फाशी देत नाही. चढला तेवढं लिहायचं.”

“आम्ही नाकासमोर चालणारी माणसं, मॅडम.”

बाईंनी आजची ओळ पाहिली. सकाळचे अकरा वाजत होते आणि संध्याकाळचे चार अंश लिहून तयार होते.

“संध्याकाळी फार घाई होते हो,” काका घाईघाईने म्हणाले. “आणि आकडा तर तोच असतो.”

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर बाकांवर तीसेक आया तान्ही मुलं घेऊन बसल्या होत्या. सही झाली की इथल्याच लसी त्यांना टोचणार. अडवली तर सगळ्या हात हलवत परतणार आणि काका शेवटच्या तीन महिन्यांत चौकशीत अडकणार. शिवाय बिघडलेली लस दिसते अगदी चांगल्या लसीसारखी. नुसत्या संशयावर काय करायचं?

“काका, तुमच्या घरी लहान कुणी आहे?”

काकांचा चेहरा खुलला. “नात आहे की! पाच महिन्यांची. मला बघितलं की झेपावते नुसती.”

“मग तिच्या लसी तुम्ही इथेच दिल्या असतील.”

“छे!” काका पटकन बोलून गेले. “तिला इथली कशाला देऊ?”