दुसरा पाट

निनाद आणि तुषार, दोघंही आर्किटेक्ट आणि एकमेकांचे आयुष्याचे जोडीदार. पाथर्डी फाट्याजवळ दोघांनी घर बांधलं, भिंतीत चिमण्यांसाठीसुद्धा कोनाडे ठेवले. वास्तुशांतीला गुरुजी म्हणाले, "यजमानांनी जोडीनं बसावं." तुषार दारातच थांबला. निनादची आत्या घाईघाईनं म्हणाली, "तो मित्र आहे. आमचा निनाद एकटाच बसेल."

गुरुजींनी तुषारकडे पाहिलं. "घराआधी इथे काय होतं?"

"बाभूळ होती. वर सुगरण पक्ष्यांची घरटी, खाली मुंग्यांचं वारूळ."

"ते कुणी मोडलं?"

तुषारची मान खाली गेली. "आम्ही दोघांनी."

गुरुजींनी निनादच्या शेजारी दुसरा पाट मांडला. "आजची पूजा त्यांची माफी मागायला असते. ती एकट्यानं मागून कशी चालेल?"