अंबाडीवरचा हिंगा

“पुन्हा काढा,” वामनराव साहेब म्हणाले आणि त्यांनी चित्र टेबलावरून परत सरकवलं.

रुपरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सलग चौथा मार्च! नागपूरच्या त्या सरकारी कीटक विभागासाठी त्यांनी पिकांवरच्या किड्यांची चाळीस चित्रं काढली होती. एकोणचाळीस पास झाली, आणि हे शेवटचं मात्र साहेबाच्या घशाखाली उतरत नव्हतं. अंबाडीच्या पिवळ्या फुलावर बसलेला हिंगा, फुलं कुरतडणारा भुंगा, काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे. भिंगाखाली पायावरचे केस मोजून काढलेला.

“मले फक्त इतकं सांगा साहेब, यात कमी काय हाये?”

“फूल. पाकळी जिवंत वाटत नाही.”

घ्या! मार्चात अंबाडीचं ताजं फूल आणायचं कुठून? आता दिवाळीच उजाडणार. गेली तीन वर्षं हेच चाललं होतं. एकदा फूल फिकं, एकदा पान मोठं, एकदा म्हणे देठाची लव चुकली. दरवेळी रुपराव उमरेडहून पहिल्या एसटीनं ओल्या फडक्यात फुलं घेऊन यायचे आणि ती मिटायच्या आत रंगवायचे. कोष्ट्याच्या घरात वाढलेला माणूस, एकेका धाग्यावर नजर ठेवायची सवय. त्याची लव चुकेल कशी?

पोटातलं ओठांवर आल्याशिवाय राहायचं नाही, असा रुपरावांचा स्वभाव. शिपायापासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं की साहेब जळतो. दुसरं काय असणार? चाळीस चित्रं पुरी झाली की तात्पुरत्या चित्रकाराला कायम करावंच लागेल, आणि तेच या माणसाला नको आहे. सात वर्षं तात्पुरतं राहून रुपरावांचे केस पिकले होते. कायम झाले का, असं प्रयागबाई दर एप्रिलला विचारायच्या आणि नवऱ्याचं तोंड पाहून चुलीकडे वळायच्या.

या वेळी रुपरावांनी कुंचला हातात धरलाच नाही. चाळीसही चित्रं काखेत मारून ते वरच्या मजल्यावर थेट संचालकांकडे गेले. शिपायानं अडवलं तर त्यालाही झाडलं. संचालकांनी एकेक चित्र सावकाश पाहिलं, हिंग्यापाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी रुपरावांची पाठ थोपटली आणि फाइलवर लिहून सही केली, सर्व चित्रे पूर्ण.

रुपराव दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले आणि फाइल वामनरावांपुढे आपटली. चार मार्चांचा राग त्यांनी एका दमात ओकला. दुसऱ्याच्या कामात खुसपटं काढायची, गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा, वर खुर्चीचा तोरा मिरवायचा, काही लाज? दारात कारकून गोळा झाले तरी ते थांबले नाहीत.

वामनरावांनी सही वाचली. पुन्हा वाचली. मग कारकुनांना जायला सांगून त्यांनी दार लावून घेतलं.

“चित्रं पुरी होईपर्यंतच तुमच्या जागेले मंजुरी होती, रुपराव,” ते म्हणाले. “म्हणून दर मार्चले एक अपुरं ठेवून राहिलो होतो मी.”