देवाच्या नावाने

"देवाच्या नावाने शपथ घेणाऱ्यांनी उभं राहावं," रजिस्ट्रारबाईंनी इंग्रजीत सांगितलं आणि लंडनजवळच्या हॅरोच्या कौन्सिल हॉलमध्ये पंचवीस-तीस खुर्च्या एकदम सरकल्या. सुहासिनी उभी राहिली. तिचे यजमान डॉक्टर शशिकांत मात्र शेजारी बसूनच होते.

तिने त्यांची बाही ओढली. "अहो, उठा. तुमचंही नाव यात आहे."

"कोणी घातलं?"

कोणी घातलं ते दोघांनाही ठाऊक होतं. ब्रिटिश नागरिकत्वाच्या समारंभाचा फॉर्म तिनेच ऑनलाइन भरला होता. देवाच्या नावाने शपथ घ्यायची, की देवाला मध्ये न आणता नुसतं वचन द्यायचं, असे दोन पर्याय होते. तिने दोघांसाठीही पहिला निवडला होता. चारचौघांत हा माणूस नाही म्हणणार नाही, अशी तिची अटकळ होती.

तिचं तरी काय चुकलं? तेहतीस वर्षं तिने पिनरच्या घरात एकटीने पूजा केली. गणपतीत सगळ्यांकडे आरतीला जोडपी उभी राहत. हिचा नवरा स्वयंपाकघरात पातेली घासत असे. दर गुरुवारी ते तिला देवळात सोडायला यायचे, पण स्वतः समोरच्या रस्त्यावर गाडीतच बसून राहायचे, कडाक्याच्या थंडीतसुद्धा, बूट काढून. पाय सुजत असतील, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं. नात तनू लाडात येऊन "आजोबा, देवाशपथ म्हणा" म्हणाली, तर ते म्हणत, "नुसतं सांगतो, चालेल?" आणि सांगितलेलं करून दाखवत. हॉस्पिटलात पेशंट त्यांच्या शब्दावर निर्धास्त झोपायचे. इतक्या भल्या माणसाला देव तेवढा नको, याचं सुहासिनीला जन्मभर वाईट वाटत आलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांनी आपल्या शेजारी उभं राहून देवाचं नाव घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती.

शशिकांत उठले. तिचा जीव भांड्यात पडला. पण ते सरळ पुढे गेले, रजिस्ट्रारबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले आणि परत येऊन बसले. सुहासिनीने शपथ एकटीनेच घेतली. मग दुसरा गट उभा राहिला, जेमतेम सहा-सात जणांचा. शशिकांत त्यात होते. देवाला वगळून त्यांनी एकेक शब्द स्वच्छ उच्चारला.

राजाच्या तसबिरीशेजारी फोटो काढताना ती हसली नाही. कार पार्कमध्ये आल्यावर मात्र तिला राहवेना.

"माझ्यासाठी एक ओळ म्हणायची होती. एवढा राग आहे तुमचा देवावर?"

शशिकांतांनी हातात काढलेली गाडीची किल्ली परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "इकडे यायला निघालो, तेव्हा आईने मला देवघरासमोर उभं केलं. मी म्हणालो, देवाशपथ, दोन वर्षांत कायमचा परत येतो. सुट्टीला गेलो, राहायला नाही गेलो. ती शेजारणींना सांगत राहिली, त्याने देवाची शपथ घेतलीय, तो येणारच. पाचव्या वर्षी ती गेली. आपलं लग्न त्यानंतरचं. देवाला मी एकदा खोटं पाडलंय, सुहास. आता त्याचं नाव कुठल्या तोंडाने घेऊ?"

सुहासिनीने आयुष्यात हजारदा तरी देवाशपथ म्हटलं असेल, शिऱ्यात तूप कमीच घातलंय हे पटवायलासुद्धा. नवऱ्याकडे मान वर करून बघायची तिला लाज वाटली. मग तिने विचारलं, "आणि गुरुवारी गाडीत बूट काढून बसता, ते?"

"समोर देऊळ असतं ना," शशिकांत म्हणाले.