गिनीपिगच्या कानात

बजाजनगरच्या घरात सुकेशनीनं मोठ्या हौसेनं गिनीपिग आणला. कोथिंबीर निवडून तीच घालायची, पिंजराही तीच झाडायची. पण सासूबाईंचा नुसता आवाज आला, की ते लबाड शिट्ट्या मारत पिंजऱ्याच्या दाराशी धावायचं. सुकेशनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूबाई आपल्यामागं त्याला चारतात तरी काय, हे बघायला एका दुपारी ती कंपनीतून लवकर आली आणि दाराआड थांबली.

सासूबाई त्याला मांडीवर घेऊन सांगत होत्या, "कोथमीर कशी निवडलीय बघ, एक पान पिवळं नाय. लई गुणाची हाय रं आमची सुकेशनी. पर तिच्या तोंडावर म्हणायला मला जमतच नाय."

 

त्या दिवसापासून सुकेशनीला गिनीपिगचा हेवा वाटतो.